अडतीस पौंडांचं धनुष्य

सर, तुम्ही दिलेलं धनुष्य गेल्या मंगळवारी मी काट्यावर घातलं. सव्वीस पौंड भरलं. काट्याचा सेल उतरला असेल म्हणून सेल बदलला, दोरी पुन्हा काट्याच्या हुकात अडकवून माझ्या मापापर्यंत ओढली. सव्वीसच. मग सकाळीच तपासलेलं एका मुलीचं धनुष्य त्याच काट्यावर ओढून पाहिलं. सकाळी ते बत्तीस भरलं होतं, आताही मुकाट बत्तीस भरलं. परत तुमचं घेतलं. सव्वीस. त्या धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यावर आकडा काय आहे ते तुमच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? अडतीस. पाती जुनी झाली की एखाद-दोन पौंड उतरतात, माझे हात आखूड, दोरी पूर्ण मापापर्यंत येत नाही, त्यापायी आणखी दोन वजा करा. तरी आठ-नऊ पौंडांचा पत्ता लागेना. समोर एका मुलीची आई उभी होती, ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मी, चौदा वर्षं पोरींना तिरंदाजी शिकवणारी बाई, काटा हातात धरून खुर्चीवर मटकन बसले. आज सहा दिवस झाले. अजून मी मनानं त्या खुर्चीतून उठलेली नाही.

तुम्हाला माझी साताऱ्याची खोली माहीत नाही. मैदानाच्या कडेला पत्र्याची आहे, आत मुलींची धनुष्यं, बाणांचे भाते, एक टेबल, आणि टेबलामागच्या भिंतीवर तुमचं ते लाकडी मुठीचं धनुष्य. खाली मी एक पाटी लावली आहे: वय १५, ३८ पौंड. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, ते खाली उतरतं. ओल्या फडक्यानं पुसायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूचा हार घालायचा, मुलींनी आपापली धनुष्यं त्याच्यापुढं ओळीनं मांडायची आणि नमस्कार करायचा. नव्या मुलीला जुनी मुलगी सांगते, हे मॅडमचं, मॅडमनी हे पंधराव्या वर्षी ओढलं. हे सांगताना तिचा आवाज जरा खाली येतो, देवळात येतो तसा. पूजा झाली की धनुष्य परत भिंतीवर. ते कोणी ओढत नाही, मीसुद्धा नाही. माझ्या मैदानावर दर शनिवारी प्रत्येक धनुष्य काट्यावर जातं, दोऱ्यांचे पीळ मोजले जातात, बाणाचं टोक जरा वाकडं दिसलं तर मी बोलून बोलून जीव घेते. पण भिंतीवरच्या त्या एका धनुष्याला काटा लावायचं मला बावीस वर्षांत सुचलं नाही. ज्याला कुंकू लावलं त्याचं वजन कोण करतं, सर?

तुम्ही मात्र सगळं मोजायचात. तुम्ही चित्रकलेचे सर, तिरंदाजी कुठल्याशा शिबिरात पंधरा दिवसांत शिकून आलेले, आणि शाळेमागच्या बाभळीच्या रानात कडब्याच्या पेंढ्या आवळून निशाण उभं केलेलं. पहिल्या दिवशी बाणाला हातही लावू दिला नव्हतात. फळ्याची लाकडी पट्टी घेऊन आलात आणि म्हणालात, "हात पसर." मी दोन्ही हात पसरून उभी, पोरं हसताहेत, तुम्ही या मधल्या बोटापासून त्या मधल्या बोटापर्यंत माप घेऊन चित्रकलेच्या वहीत लिहिताय. त्याला अडीचनं भागलं की दोरी किती ओढायची ते कळतं, त्यावरून धनुष्याची उंची, त्यावरून बाणाची लांबी. मग दोन्ही तळव्यांच्या मधे छिद्र करून त्यातून शाळेच्या घंटेकडं बघायला लावलंत, एकेक डोळा मिटायला सांगितलंत, आणि माझा उजवा डोळा राजा आहे, नेम त्यानंच धरायचा, असं जाहीर केलंत. मला फार मोठं काहीतरी मिळाल्यासारखं वाटलं होतं. "धनुष्य घ्यायला गेलं की आधी आपला हात बघायचा," असं तुम्ही म्हणायचात. "दुसऱ्याचं धनुष्य मागनं. न्हाई बघितलं तरी चालतंय."

आणि मी नेमकं दुसऱ्याचंच बघितलं. जिल्ह्याच्या स्पर्धेत मिरजेकडच्या शाळेतल्या मुली आल्या होत्या, त्यांच्या पात्यांवर छत्तीस, अडतीस असे आकडे होते आणि माझ्यावर चोवीस. एक मुलगी माझ्या धनुष्याकडं बघून म्हणाली, "हे बारक्या पोरांचं हाय व्हय गं?" त्या दिवशी मी तिच्यापेक्षा जास्त गुण मिळवले हे मला आठवतसुद्धा नव्हतं, तिचं ते वाक्य तेवढं कानात राहिलं. दुसऱ्या दिवशी चित्रकलेच्या तासाला मी तुमच्या टेबलाशी येऊन उभी राहिले. "सर, मला अडतीस पायजे." तुम्ही रंगाची वाटी खाली ठेवलीत. "कशाला गं?" "त्या पोरींकडं हाय." "त्यांचं त्यांच्यापाशी. तुझ्या खांद्याला इचारलंस का?" "मला अडतीसच पायजे. न्हाईतर मी सांगलीला निवडीला येत न्हाई." तुम्ही रागावाल असं वाटलं होतं. वर्गात बोलणाऱ्याला खडू फेकून मारणारे तुम्ही, खडूला हातसुद्धा लावला नाहीत. मग म्हणालात, "बरं. आणतो."

आठ दिवसांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली पाती घेऊन आलात. त्याच जुन्या लाकडी मुठीवर चढवलीत, दोरी लावलीत, माझ्या हातात दिलीत आणि पात्यावरच्या आकड्यावर बोट ठेवलंत. अडतीस. मी ओढलं. सर, हे मला आजही अंगात आठवतं: खांद्याच्या मागं काहीतरी ताणलं गेलं, डावा कोपर थरथरला, दोरी हनुवटीला लागता लागता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही विचारलंत, "जड हाय का?" मी म्हणाले, "न्हाई सर. हलकंच हाय." "आसं? बरं," म्हणालात. त्या दिवशी घरी येईपर्यंत खांदा ठणकत होता आणि मी तो शेजारणीला, चुलत बहिणीला, दिसेल त्याला दाखवत होते, की अडतीस ओढलं, म्हणून दुखतोय.

आता काटा सांगतो की ते अडतीसचं नव्हतंच. मग तो खांदा कशानं दुखला होता? चोवीसवरून अठ्ठावीसवर गेलं की खांदा दुखतो, चार पौंडांनीही दुखतो, हे मी स्वतः शंभर मुलींना सांगितलं असेल. पण स्वतःच्या बाबतीत मी तो आकडा खांद्यात भरून घेतला आणि बावीस वर्षं मिरवला. पुढं क्रीडा वसतिगृहात मला चौतीसचं धनुष्य दिलं, ते मला तुमच्या अडतीसपेक्षा जड लागलं, तर मी त्या धनुष्यालाच नावं ठेवली. नवं आहे, कडक आहे, पाती अजून मोकळी झाली नाहीत, काय काय बोलले. आणि त्या भिंतीवर धनुष्याशेजारी तुमचे सहा बाणही टांगलेले आहेत. बाण धनुष्याच्या ताकदीवरून निवडायचा असतो. हलक्या धनुष्याला मऊ बाण, जड धनुष्याला ताठ. तुमचे बाण मऊ आहेत. अठ्ठावीसचे बाण आहेत ते, अंगावर नंबर छापलेला आहे, दुकानातून पालकांचे फोन येतात तेव्हा असले नंबर मी झोपेतही सांगते. चौदा वर्षं ते नंबर माझ्या पाठीमागं होते. मी मान वळवून वाचले नाहीत.

इतकंच असतं तर मी तुम्हाला चार शिव्या घातल्या असत्या आणि विसरले असते. पण त्या आकड्यावर मी एक नियम करून ठेवला, सर. माझ्या मैदानावरून राज्य निवडीला जाणारी मुलगी अडतीस ओढणारी पाहिजे. कोणी कुरकुरलं तर मी मागं भिंतीकडं बोट दाखवायची. आणि दुसरा एक नियम, जो मी कधी बोलले नाही पण सगळ्यांना कळला: माझ्यासमोर जड म्हणायचं नाही. मी विचारते, "जड आहे का?" आणि मुली म्हणतात, "नाही मॅडम." मला ते ऐकून बरं वाटायचं. माझ्या तालमीत तयार झालेल्या मुली, असं वाटायचं.

यंदा एक मुलगी आली आहे, पाचगणीच्या खालच्या अंगाच्या गावातली. घरी स्ट्रॉबेरी करतात, आई रस्त्याकडेला टोपल्या मांडून विकते. पोर माझ्यापेक्षा वीतभर उंच, हात लांबसडक, नजर अशी स्थिर की बाण सोडल्यावरही पापणी हलत नाही. अशी मुलगी दहा वर्षांत एकदा मिळते. आठ महिन्यांत अठ्ठावीसवर छान जमली होती. राज्याची निवड सांगलीला, आणि मला घाई झाली. महिन्याभरात तिला अठ्ठावीसवरून अडतीसवर नेली. तिचे हात लांब म्हणजे दोरी जास्त ओढली जाणार, म्हणजे अडतीस लिहिलेलं तिच्या बोटांवर चाळीस होणार, हे मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. मी विचारलं, "जड आहे का?" ती म्हणाली, "नाही मॅडम." डावा कोपर थरथरत होता तिचा. मी पाहिला. आणि मला काय वाटलं सांगू? मला माझं पंधरावं वर्ष आठवलं आणि मी खूश झाले.

तीन आठवड्यांपूर्वी दोरी अर्ध्यात सुटली आणि ती खांदा धरून खाली बसली. रडली नाही. "सॉरी मॅडम," म्हणाली. डॉक्टरांनी खांद्याच्या स्नायूला बारीक चीर आहे म्हणून सांगितलं, दीड-दोन महिने धनुष्याला हात नाही, नंतर बघू, पुन्हा खेळता येईलच असं आताच सांगता येणार नाही. निवड गेलीच. ती घरी गेली, आणि मंगळवारी तिची आई तिची बॅग न्यायला आली.

मी तयारीत होते. बाई भांडेल, चार लोक जमवेल असं धरून चालले होते. ती आली, चप्पल बाहेर काढली, जसं देवळात शिरावं तशी आत आली आणि मुलीची बॅग उचलताना म्हणाली, "मॅडम, पोरगी आता खेळायचं न्हाई म्हणतीया. म्हणती, मॅडमनी माझ्याच वयात वढलं, मलाच जमलं न्हाई, माझ्यात दम न्हाई. जेवत न्हाई धड. रोज त्योच पाढा." मी म्हणाले, "असं काही नाही ताई, वेळ लागतो." आणि सवयीनं मागं भिंतीकडं हात केला. तिनं वर बघितलं, पाटी वाचली. "ह्येच का ते?" "हो." "आन् हे अडतीस भरलं हुतं?" मी म्हणाले, भरायचं काय त्यात, लिहिलंय की पात्यावर. त्यावर ती अगदी साधेपणानं बोलली, टोमणा नव्हता तो. "लिवल्यालं नका सांगू मॅडम. आमच्या पेट्यांवरबी दोन किलो लिवल्यालं आसतंय. गिऱ्हाईक म्हणतंय, काट्यावर घाला. तुमचा काटा हाय की तितं. घाला."

मी हसत हसत घातलं, सर. तिची खोड मोडावी म्हणून घातलं. पुढचं तुम्हाला सांगितलंच.

ती बाई आकडे वाचणारी, तिनं काट्यावरचा सव्वीस वाचला, पाटीवरचा अडतीस वाचला आणि म्हणाली, "म्हंजे तुमीबी न्हाई वढलं." मी काय उत्तर दिलं असेल? मी म्हणाले, "जुनी पाती आहेत ताई, इतक्या वर्षांत उतरली." जीभ जराही अडखळली नाही. ती म्हणाली, "आसंल," बॅग खांद्याला लावली आणि गेली. तिचा विश्वास बसला नाही हे तिच्या पाठीवरून कळत होतं. खोटं बोलायला मला एक क्षणही लागला नाही. काट्यापेक्षा या गोष्टीनं मी जास्त हादरले.

ती गेल्यावर धनुष्य दाराशी उजेडात नेलं. दर वर्षी ओल्या फडक्यानं पुसून पुसून आकड्याची कड झिजली होती. आठ नीट आहे, कारखान्यात छापलेला, गुळगुळीत. त्याच्या अलीकडचा तीन मात्र बोटाला लागतो. रंग जाड आहे. आणि त्या तीनाचं डोकं सपाट आहे. सर, असा सपाट डोक्याचा इंग्रजी तीन मी आयुष्यात एकाच माणसाच्या हातचा पाहिला आहे. खेळाच्या दिवशी आमच्या छातीवरच्या फडक्यांवर तुम्ही नंबर घालायचात, आम्हालाही घालायला लावायचात, आणि ओरडायचात, "तीनाचं डोकं सपाट ठेव, न्हाईतर लांबनं आठ दिसतंय!" मी नख लावलं. रंगाचा पापुद्रा निघाला, आणि खाली खरवडलेल्या दोनाची शेपटी दिसली. अठ्ठावीस. मी ते तसंच मांडीवर घेऊन बसले. मुली सरावाला आल्या, दारातूनच मला बघून कुजबुजत मागं फिरल्या.

राग आला हो, भयंकर राग आला. तुम्ही मला फसवलंत. एका पोरीच्या हातात खोटा आकडा दिलात आणि ती पोरगी तो खरा मानून बाई झाली, शिक्षिका झाली, तिनं तो दुसऱ्यांच्या पोरींवर चालवला. तुम्ही समोर असता तर मी तुमचा मुलाहिजा ठेवला नसता.

पण तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, म्हणून गुरुवारी एसटीनं कवठे महांकाळला तुमच्या घरी, काकूंकडं गेले. काकू थकल्यात, पण भाकरी अजून स्वतः थापतात. मी चुलीपुढं पाटावर बसले आणि पिशवीतून पाती काढून त्यांच्यापुढं धरली. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "घातलंस व्हय काट्यावर? लय उशीर केलास, पोरी." त्यांनी पिठाच्या हातानं खिडकीकडं दाखवलं. "हितंच बसलं हुतं तुझं सर. दाढीच्या पत्तीनं खरवडत. मी म्हणलं, आवं, पोरीला फसवताय? तर म्हणलं, आगं, न्हाई म्हणलं तर ती कुणाचंबी अडतीसचं वढंल आन् खांदा मोडून घील. अठ्ठावीसच तिला बरूबर हाय, फकस्त तिला दिसाय नगं. निवड झाली की सांगतो."

निवड झाली की सांगतो. सर, त्या क्षणी मला सांगलीचा तो दिवस आठवला, जो मी इतकी वर्षं आनंदाचा म्हणून जपला होता. माझी निवड झालेली, आपण स्टँडजवळ बाकड्यावर बसलोय, मधे भडंगाचा कागद पसरलेला, तुम्ही त्यातले शेंगदाणे माझ्याकडं सारताय. तुम्ही म्हणता, "एक सांगायचं हाय तुला." आणि मी तोंडात घास असतानाच बोलत सुटते, "सर, अडतीसचं हुतं म्हणून जमलं! त्या मिरजेच्या पोरी बघतच राहिल्या! आता मला कुणी बारकी म्हणणार न्हाई." तुम्ही थांबता. माझ्याकडं बघता, हसता. "खा आधी," म्हणता. मी भडंग खाते. एसटी येते. बावीस वर्षं मी समजत होते की तुम्हाला मला शाबासकी द्यायची होती.

मी काकूंना विचारलं, मग नंतर का नाही सांगितलं? मी मैदान काढल्यावर तरी? त्या भाकरी उलटत म्हणाल्या, "मीबी तेच म्हणायची. तर म्हणायचं, आता ती मास्तरीण झालीया. मास्तरीण म्हणल्यावर पयल्याच दिवशी काट्यावर घालील, मला चार शिव्या दील आन् लय हसंल. बघ, पत्र यील तिचं. पोस्टमन आला की इचारायचं, साताऱ्याचं काय हाय का?" मैदान सुरू झाल्यावर तुम्ही दोन वर्षं होता. म्हणजे दोन वर्षं तुम्ही हे पत्र यायची वाट बघत होता. मी त्या दोन वर्षांत तुम्हाला दिवाळीचं एक छापील कार्ड पाठवलं, त्यावर नुसती सही. तुम्हाला खात्री होती की तुम्ही शिकवलेली मुलगी लिहिलेल्या आकड्यावर विसंबणार नाही. आणि मी त्याला हार घालत होते. काकूंच्या चुलीपुढं मी हमसून हमसून रडले, भाकरी करपेपर्यंत.

शनिवारी त्या मुलीच्या गावी गेले. धनुष्य आणि काटा दोन्ही बरोबर नेलं. मुलगी पडवीत बसून डाव्या हातानं फळं निवडत होती, मला बघून उठली आणि नजर चुकवून उभी राहिली. आईनं पाणी दिलं. मी म्हणाले, "ताई, मंगळवारी मी तुमच्याशी खोटं बोलले. पाती उतरली नाहीत. ती पहिल्यापासून अठ्ठावीसचीच आहेत." आणि पोरीला म्हणाले, "ये, आकडा वाच." मी ओढलं, तिनं वाचला. सव्वीस. मग तिला सपाट डोक्याचा तीन दाखवला, खालच्या दोनाची शेपटी दाखवली, तुमच्या स्वयंपाकघरातली पत्ती आणि रंग सांगितला, स्टँडवरचं भडंग सांगितलं. ती ऐकत होती. मला वाटलं आता ही रडणार किंवा आत निघून जाणार. तिनं त्या तीनावरून बोट फिरवलं आणि फस्सकन हसली. सर, काय हसली ती! एका हातानं दुखरा खांदा धरून, वाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "म्हंजे मॅडम, खंडेनवमीला आमी सगळ्यांनी नमस्कार केला त्यो..." पुढं तिला बोलवेना. आईही पदर तोंडाला लावून हसायला लागली. तुम्ही ज्या हसण्याची वाट बघितलीत ना, ते हेच असावं. फक्त ते माझं नव्हतं.

हसू ओसरल्यावर तिनं विचारलं, "मग माझ्यात दम हाय का न्हाई?" मी म्हणाले, तुझ्यावर चाळीस लादलेत मी, त्या वयात माझ्यावर सव्वीस होते, तुझ्यात दम होता म्हणून महिनाभर तग धरलास, आणि माझ्यात अक्कल नव्हती म्हणून तुझा खांदा गेला. खांदा बरा होईल का मला माहीत नाही. झाला तर वीसपासून सुरू करू, तुझ्या मापानं. तिची आई म्हणाली, "ते फुडचं फुडं. आधी खांदा." मी निघताना पोरीनं बॅगेतला बोटाला बांधायचा चामड्याचा तुकडा काढून घेतला आणि बॅग मात्र मला परत मैदानावर न्यायला सांगितली. मग दारात थांबून म्हणाली, "मॅडम, एकदा परत वढा की. नीट बघू द्या." मी ओढलं. सदतीस वर्षांची बाई, सव्वीस पौंड. ती माझ्या डाव्या कोपराकडं बघत होती. "जड हाय का?" तिनं विचारलं. मी म्हणाले, "हो गं. जड आहे." माझ्या विद्यार्थिनीसमोर हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले.

काल पाटी काढली. मुलींना गोळा करून सगळं सांगितलं, आणि नियम मोडीत काढला. तुमचं धनुष्य परत भिंतीवर नाही लावलं, नव्या मुलींना ओढायला शिकवायचं म्हणून खाली ठेवलंय. अठ्ठावीसची चांगली पाती आहेत, उगाच टांगून कशाला ठेवायची? तीन मात्र खरवडला नाही. तुमच्या हातचा तेवढाच आकडा माझ्यापाशी आहे.

हे पत्र कवठे महांकाळला टाकलं तर काकूंना वाचायला चष्मा लागेल, आणि पोस्टमनला साताऱ्याचं काय आहे का विचारणारं तिथं कोणी नाही. म्हणून घडी करून त्या धनुष्याच्या कापडी पिशवीत ठेवते आहे. सगळा दोष तुमच्यावर टाकून मोकळी होणार होते, त्यासाठीच लिहायला बसले होते खरं तर. पण खोटा आकडा तुम्ही दिलात तेव्हा तुम्ही लगेच मला विचारलंही होतं, आणि मी खरं सांगितलं असतं तर कदाचित तिथंच, शाळेमागच्या रानात, तुम्ही हसून सगळं सांगून टाकलं असतं. सर, ते हलकं नव्हतं. जड होतं.